अक्का, तो बोअर नवाच होता

अक्का, तुझ्या गंधमुक्तीला, तेराव्याला, सगळं गाव जेवलं. मांडवाच्या तोंडाशी बापूनं तुझा फोटो लावला होता, माणसाच्या दुप्पट उंचीचा, आणि खाली छापून घेतलं होतं : 'गावाची जलमाता'. फोटो कुठल्याशा लग्नातला होता. तुझ्या शेजारी मी उभी होते, मला कापून टाकलं होतं, फक्त माझा खांदा राहिला होता. बापू माईकवर बोलला. वहिनींनी या गावाला पाणी पाजलं, म्हणाला. मग रुमाल काढला. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, आणि प्रत्येकानं शेवटी तेच म्हटलं, मृतात्म्यास शांती लाभो.

मी म्हटलं नाही. तू इतक्यात शांत व्हावंस असं मला वाटत नव्हतं. मी बायकांच्या बाजूला बसून हात बघत होते. तुझ्या फोटोला फुलं वाहणारे हात. त्यातले कितीतरी हात मी त्याआधी एकदा, एका दिवशी, एकदम वर झालेले पाहिले होते.

बापू म्हणजे तुझा धाकटा दीर, माझा नवरा, गावचा उपसरपंच. हे तुला सांगायला नको. पण मी कोणाबद्दल बोलते आहे ते मला कागदावर लिहायचं आहे. चारचौघांत मी तुला 'तुम्ही' म्हणायचे आणि विहिरीवर दोघीच असलो की 'तू'. इथं दोघीच आहोत.

मी ब्राह्मणपुरीहून लग्न होऊन आले तेव्हा तुझे मिस्टर जाऊन दोन वर्षं झाली होती. घराची वाटणी झालेली, अंगण एकच. तुझ्या वाट्याच्या वावरात तू मिरची लावायचीस. मिरच्या वाळायला टाकल्या की सगळं अंगण शिंकायचं, सासूबाई पदर नाकाला लावून तुला शिव्या द्यायच्या आणि तू खाटेवर बसून हसायचीस. मला पहिल्यांदा सरकारी विहिरीवर तूच घेऊन गेलीस. म्हणालीस, 'हाई पानी आपलं बी शे आनि वस्तीनं बी शे. आपलं म्हनीसन दोन हंडा जास्ती नको लिऊ.' मी मनात म्हटलं, काय खडूस जाऊ मिळाली.

पाणी समितीत बाई पाहिजे म्हणून त्यांनी तुझं नाव घातलं. सही करशील आणि घरी बसशील अशी त्यांची समजूत होती. तू एका दोराला जुनं कुलूप बांधलंस आणि दर सोमवारी विहिरीत सोडायला लागलीस. पाणी किती हात खाली आहे ते चावडीच्या भिंतीवर खडूनं लिहायचीस. तालुक्याहून आलेल्या इंजिनिअरनं हसत विचारलं होतं, 'हात म्हणजे कोणाचा हात, बाई?' तू म्हणालीस, 'मन्हा. मी काय दर सोमवारे हात बदलस का?' त्यानं मग वहीत लिहून घेतलं.

आधी पोरंटोरं त्या आकड्यांपुढं काहीबाही लिहून जायची. पुढं पुढं शेतकरी जाता-येता थांबून वाचायला लागले. मग एका ग्रामसभेत तू ठराव आणलास की सरकारी विहिरीच्या जवळपास कोणी नवा बोअर घ्यायचा नाही आणि उन्हाळ्यात नळाची पहिली पाळी टोकाच्या भिल वस्तीला द्यायची. त्यासाठी तू घरोघर हिंडलीस. मी तुला म्हणायचे, अक्का, त्या सरपंचाला चार लोकांत एकदा झाप, सगळे सरळ होतील. तुझं एकच उत्तर असायचं. 'भांडीसन काय भेटस वं मंगल? नियम करना पडस.' तो ठराव झाला आणि तीन उन्हाळे गावात टँकर आला नाही. वस्तीवरची सुरकीबाई तुला होळीला गुळाची ढेप द्यायला आली होती, आठवतं? तू ती तिच्याच नातवंडांना फोडून वाटलीस.

हा वाद आपला अर्धाच राहिला आहे, अक्का. तू नियम म्हणायचीस, मी भांडण म्हणायचे. नियम तुझा होता आणि तो माझ्याच घरातून मोडला गेला.

गेल्या वर्षी होळीच्या आधी बोअरची गाडी आली. भर दिवसा आली. बापूनं दिवस बरोबर निवडला होता. मंगळवार होता, आणि तू मिरची घेऊन म्हसावदच्या बाजाराला गेली होतीस. विहिरीच्या बांधालगतच्या वावरात त्याला केळी लावायची होती. मला त्यानं सकाळी एवढंच सांगितलं, सहा माणसांचा स्वयंपाक कर. मी केला. भाकरी, शेवभाजी, कांदा. त्या माणसांना बांधावर बसवून मीच वाढलं. गाडीपुढं नारळ फोडला तेव्हा नवऱ्याशेजारी डोक्यावर पदर घेऊन मीच उभी होते. मला तुझा ठराव माहीत होता. मी काही अडाणी नव्हते.

दुपारी तू एसटीतून उतरलीस आणि घरी न येता थेट वावरात आलीस. रिकामी गोणपाटं काखेत तशीच होती. पांढरी धूळ उडत होती. तू त्या धुळीत उभी राहिलीस आणि ओरडून बोललीस, कारण गाडीच्या आवाजात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

'बापू, आठे नको. विहीर बाजूलेच शे.'

'वहिनी, वावर मन्हं शे.'

'वावर तुन्हं शे. खालनं पानी गावनं शे.'

तो हसला. गाडीवालेही हसले. त्यांच्या ताटात मी तेव्हा दुसरी भाकरी वाढत होते. तू माझ्याकडं पाहिलंस आणि घराकडं वळलीस. गाडी संध्याकाळपर्यंत चालली. पाणी भरपूर लागलं.

मग एक मेची ग्रामसभा. तू उभी राहून बोअरचा विषय काढलास. बापू बसल्या जागेवरून म्हणाला, 'जुना बोअर शे. फक्त साफ करी लिधा.' इतकं सहज बोलला की मला क्षणभर वाटलं, खरंच जुना असेल. सरपंचांनी विचारलं, कोणी पाहिलं का नवा खोदताना? सगळ्या गावानं पाहिलं होतं. कोणी बोललं नाही. तेव्हा तू बायकांच्या घोळक्यात मला शोधलंस.

'मंगल, तू घरमा व्हती. सांग, गाडी कव्हय उनी?'

मी पायाच्या बोटांकडं पाहिलं. जोडवं सैल झालं होतं, ते फिरवत राहिले. तू थांबलीस. मग सरपंच म्हणाले, बोअर जुना असल्याचं सभेला मान्य आहे त्यांनी हात वर करा. हात वर झाले. त्याच दमात दुसरा ठराव झाला, तुझी तब्येत बरी नसते म्हणून तुला समितीतून मोकळं करण्याचा. तेच हात पुन्हा वर झाले. तुझी तब्येत तेव्हा ठणठणीत होती.

यानंतर तू माझ्याशी जे केलंस त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. महिनाभरानं अंगणात मी तुझ्याशी बोलायला आले, शब्द जुळवून आले होते. तू मला बोलूच दिलं नाहीस. हातात चहा दिलास, नेहमीसारखा पाणचट, आणि म्हणालीस, 'तुले त्याना संगे ऱ्हावानं शे. माले समजस.' झालं. तू मला न विचारता माफ करून टाकलंस. तू माझ्या झिंज्या धरल्या असत्यास, तर मी दुसऱ्या दिवशी चावडीवर जाऊन खरं सांगितलं असतं. असं मी मला सांगते. ते खरं असेलच असं नाही. पण ती संधी तू मला दिली नाहीस आणि मी ती मागितली नाही.

त्या उन्हाळ्यात विहीर खाली गेली. वस्तीच्या नळाला आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा आणि मग नुसता फुसफुस आवाज. बापूच्या केळीला ठिबकनं पाणी चालूच होतं. तू समितीत नव्हतीस तरी सोमवारी दोर घेऊन जायचीस, म्हणून त्यांनी विहिरीवर जाळी बसवून कुलूप लावलं. सुरक्षिततेसाठी, असं बोर्डावर लिहिलं. तू जाळीच्या फटीतून दोर सोडलास. वजन अडकलं, तू ओढलंस आणि दोर तुटला. तू तशीच कठड्याला धरून उभी होतीस. मी माझ्या गच्चीवरून पाहिलं. खाली आले नाही.

ते तुझे अर्ज! तालुक्याला, जिल्ह्याला, भूजलवाल्यांना. प्रत्येक अर्जाला ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल जोडून उत्तर यायचं की सदर बोअर जुना असल्याचं गावानेच मान्य केलं आहे. गावानेच. तू ती पत्रं घडी घालून डब्यात ठेवायचीस. पावसाळा आला, विहीर भरली, लोक विसरले. तू विसरली नाहीस, पण बारीक होत गेलीस.

त्यांनी तुला मारलं असं मी म्हणणार नाही. नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालं होतं, जुनंच दुखणं होतं. ते खरं असेल. पण शेवटच्या वर्षी तुला एकटं कोणी पाडलं ते मला माहीत आहे आणि त्या यादीत मी माझं नाव पहिलं लिहिलं आहे. तिथं तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तू डोळे उघडून मला विचारलंस, 'पानी कितलं शे वं?' मी म्हटलं, 'शे, बरंच शे.' मी मोजलं नव्हतं, अक्का. मी विहिरीकडं गेलेच नव्हते. तू मान हलवलीस. माझ्यावर विश्वास ठेवून हलवलीस की खोटं ओळखून, हे मला आता कधीच कळणार नाही.

तेराव्याच्या जेवणावळीनंतर बापू ओसरीवर सरपंचांना सांगत होता, पाण्याच्या टाकीला वहिनींचं नाव देऊ, प्रजासत्ताक दिनाच्या सभेत ठराव घेऊ. मी आत भांडी घासत होते. हातातलं पातेलं खाली ठेवलं. तिथून पुढं मी भ्यायले नाही. धीर आला असं म्हणायला तोंड नाही माझं, मला नुसता संताप आला होता. त्यांनी तुझं पाणी घेतलं होतं, तुझं नाव मी त्यांना घेऊ देणार नव्हते.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी बायकांची सभा व्हावी लागते. आपल्याकडं ती कागदावर होते, अंगणवाडीताई सह्या गोळा करते. यावेळी मी घरोघर गेले, तू जायचीस तशी, आणि वस्तीवरही गेले. शाळेच्या पडवीत चाळीसेक बाया बसल्या. मी उभी राहिले आणि सांगितलं की बोअर नवा आहे, कोणत्या वारी गाडी आली, किती माणसं होती, त्यांना काय वाढलं. सुरकीबाई पुढंच बसली होती.

'मंग आतेपावत काब्र गप व्हती?'

'घाबरनू व्हतू,' मी म्हटलं.

'तुन्हा हातन्या भाकरी खाईसन त्यासनी आम्हनं पानी काढी लिधं,' ती म्हणाली. आवाज चढवून नाही, भाव सांगावा तशी म्हणाली. मी मान खाली घातली नाही. ऐकून घेतलं. तू मला द्यायला हवा होतास तो मार मला तिनं दिला आणि मला बरं वाटलं. मग तीच म्हणाली, 'उद्या बोलशी?' मी हो म्हटलं. 'मंग आम्ही येतस.'

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं, मुलांना गोळ्या वाटल्या आणि सभा बसली. बापूनं टाकीचा विषय मांडला. सरपंच म्हणाले, हात वर करा. मी उठले आणि म्हटलं, माझी हरकत आहे, लिहून घ्या. बापूला वाटलं मी रडणार. त्यानं हातानं बस म्हणून खूण केली. मी माझा मोबाईल ग्रामसेवकाच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, भाऊसाहेब, हे मोठ्यानं वाचा. भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बापूनंच टाकलेला फोटो होता. बोअरची गाडी, फोडलेला नारळ, तो, शेजारी मी. खाली त्यानंच लिहिलेलं, 'नवीन बोअर. देवीच्या कृपेने भरपूर पाणी.' वर तारीख. सालभर तो फोटो पन्नास घरांच्या मोबाईलमध्ये पडून होता.

ग्रामसेवकानं वाचलं.

मग मी एक मेच्या ठरावाची नक्कल काढली. तुझ्याच डब्यातली. त्यावर ठराव मांडणाऱ्याचं, अनुमोदन देणाऱ्याचं आणि हजर सदस्यांचं नाव होतं. ज्यांनी हात वर केले होते त्यांची नावं मी एकेक करून वाचली आणि प्रत्येक नावानंतर थांबले. तू थांबली होतीस तशी. चेअरमन उठून उभे राहिले. 'वहिनी, मरेल माणूसना नावे भांडन नको.' मी म्हटलं, 'जिती व्हती तव्हय तुम्ही कोठे व्हतात?' ते बसले. मागून वस्तीच्या बाया हसल्या. ते हसणं त्यांच्या पाठीला चाबकासारखं लागलं असेल, आणि लागावंच.

बायकांच्या सभेचा ठराव मग वाचला गेला. जुना खोटा ठराव रद्द. बोअर बंद करायला तहसीलला कळवायचं. टाकीला नाव नको, समितीत सुरकीबाई हवी. हात मोजायची वेळ आली तेव्हा बाया पुरुषांपेक्षा जास्त होत्या. काही पुरुषांचेही हात वर झाले. एक मेला वर झालेले दोन-तीन हातही त्यात होते. मी त्यांच्याकडं कौतुकानं बघितलं नाही.

आता विहिरीवरची जाळी आहे, कुलूप नाही. पाणी चढतंय, पण हळूहळू. यंदाचा उन्हाळा कसा जाईल ते कळत नाही. सुरकीबाई मोजते. तिचा हात तुझ्यापेक्षा आखूड आहे, त्यामुळं पहिल्याच सोमवारी भिंतीवरचा आकडा वाढला आणि सगळे घाबरले, पाणी गेलं म्हणून. मग कोणीतरी शाळेतून मीटरची टेप आणली. तू असतीस तर ती टेप वापरू दिली नसतीस.

घरात बापू माझ्याशी बोलत नाही. त्या रात्री एकदाच बोलला. 'तू मन्हं नाक कापं. तुन्हा माहेर चालनी जाय.' मी गेले नाही, जाणारही नाही. वेळेवर भाकरी करते, ताट वाढते आणि समोर बसते. त्यानं रोज घास गिळताना माझं तोंड बघावं, एवढीच शिक्षा माझ्या हातात आहे आणि ती मी पुरेपूर देते आहे. केळीचे घड बाहेर पडले होते, बोटाएवढी केळी होती, पाणी तुटल्यावर ती तशीच काळी पडली. मी संध्याकाळी बांधापर्यंत जाते आणि ती वाळकी पानं बघून परत येते. तू म्हणाली असतीस, केळीना काय गुन्हा? काही नाही, अक्का. तरी मी बघून येते.

आज वस्तीवर होळीचा ढोल सुरू आहे. अंगणात तुझ्या मिरचीच्या जागी या वर्षी काही नाही. शिंका येत नाहीत. मला तुझा पाणचट चहासुद्धा हवा आहे. तू मला शिकवलंस ते सगळं मी तुझ्या मरणानंतर वापरलं, याची लाज मला मरेपर्यंत पुरेल. पण माफी मागायला मी हे लिहायला बसले नाही. तू ती एकदा देऊन ठेवली आहेस आणि मला ती नको आहे.

एक गोष्ट मुद्दाम मागं ठेवली होती, ती सांगते आणि थांबते.

फेब्रुवारीत पंचनाम्याला माणसं आली. ट्रॅक्टरला दोर लावून बोअरमधून मोटार आणि पाइप वर ओढत होते. एकेक पाइप बाहेर यायचा, ओला, चिखलानं माखलेला. वेल्डर लोखंडी झाकण घेऊन बसला होता. बांधावर सगळं गाव, आणि कडेला बापू, पांढऱ्या कपड्यात, दोन्ही हात मागं. साहेब खुर्चीवर बसून माझा जबाब लिहीत होते. बोअर कोणी घेतला? मी म्हटलं, माझ्या मालकांनी. ते म्हणाले, असं चालत नाही बाई, नाव सांगा.

तुला माहीत आहे, आपल्या घरात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. 'बापू' हे नुसतं हाक मारायचं, खरं नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. रेशनकार्डावर, दवाखान्यात, पोरांच्या शाळेत नेहमी दुसऱ्या कोणीतरी सांगितलं आणि मी मान हलवली. बांधावरच्या बाया आता माझ्याकडंच बघत होत्या. बापूनंही मान वर केली. त्याला वाटलं, इथं अडकेल ही.

'रोहिदास ओंकार पाटील,' मी म्हटलं.

ट्रॅक्टर मोठ्यानं घरघरत होता. साहेबांनी कानाला हात लावला. 'ऐकू आलं नाही. परत सांगा.'

मी बापूकडं तोंड केलं आणि परत सांगितलं. दुसऱ्यांदा घेतलं ना अक्का, तेव्हा जास्त चांगलं वाटलं.